ठेंगणा मुष्टियोद्धा आणि हेवीवेट गट

मूळ मुद्दा:
हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाच्या) मुष्टियुद्धात कमी उंची म्हणजे निव्वळ उणीव, हा समज मला पटत नाही. ५ फूट ७ इंचांचा कॅनेडियन टॉमी बर्न्स १९०६ साली विश्वविजेता झाला. रॉकी मार्सियानोची उंची ५ फूट ११ इंचही भरत नव्हती, तरी तो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला. ठेंगणा योद्धा गुडघ्यांत वाकून जॅबखालून (हात सरळ लांबवून मारलेल्या ठोशाखालून) आत शिरला की उंच प्रतिस्पर्ध्याला वाकून मारावे लागते, त्याच्या बरगड्या उघड्या पडतात आणि मांड्यांच्या जोरावर खालून येणारा हुक (कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा) त्याला उशिरा दिसतो. १९७१ साली जो फ्रेझियरने मुहम्मद अलीला पंधराव्या फेरीत पाडले, ते अशाच डाव्या हुकने.

प्रतिसाद १:
उदाहरणे सोयीची निवडली आहेत. मार्सियानोने ज्याच्याकडून विजेतेपद घेतले तो वॉलकॉट त्याच्याहून जेमतेम दीड इंच उंच होता. एवढ्याने कोणी ठेंगणा ठरत नाही. बर्न्ससमोर खरोखर धिप्पाड जॅक जॉन्सन आला तेव्हा सिडनीत १९०८ साली चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली. फ्रेझियरचेही तेच झाले. १९७३ साली जॉर्ज फोरमन त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलून अंतर राखत असे आणि तो वाकून पुन्हा आत आला की अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) मारत असे. दोन फेऱ्यांत फ्रेझियर सहा वेळा खाली पडला.

मूळ लेखकाचे उत्तर:
फोरमन हा अपवाद होता. ठेंगण्याच माइक टायसनने १९८७ साली ६ फूट ५ इंचांच्या टायरेल बिग्जला सातव्या फेरीत संपवले, तो काय वॉलकॉटच्या मापाचा होता?

प्रतिसाद २:
टायसनला मानतोच, पण या गटाला वजनाची वरची मर्यादा नाही, हे दोघेही विसरलात. हेवीवेटच्या लगेच खालचा क्रूझरवेट गट निघाल्यापासून आटोपशीर बांध्याच्या योद्ध्याला तिथे हक्काची जागा आहे. सुमारे ५ फूट ७ इंचांचा ड्वाइट मुहम्मद कवी तिथला विजेता होता. १९८८ साली फोरमनसमोर मात्र सातव्या फेरीतच त्याने माघार घेतली. ठेंगण्या डेव्हिड तुआच्या हुकने जॉन रुईझला १९ सेकंदांत झोपवले होते, पण २००० साली उंच लेनॉक्स लुईसच्या जॅबपलीकडे तो पोहोचलाच नाही.

मूळ लेखकाचे उत्तर:
तुआ बहुतेक वेळ सरळ चालत येत होता, टायसन मात्र पावलागणिक डोके हलवत असे. दोष पद्धतीचा, उंचीचा नव्हे.

प्रतिसाद १:
डोके हलवत राहायला दम लागतो, आणि उंच माणसाला तो तितकासा खर्चावा लागत नाही. टोकियोत १९९० साली दहाव्या फेरीपर्यंत टायसनचे डोके जागीच थांबू लागले होते, आणि बस्टर डग्लसचा अपरकट नेमका तिथेच बसला.