मदत हवी आहे: जांभ्याच्या सड्यावर (जांभा दगडाच्या उघड्या, खडकाळ पठारावर) हलके छत कसे बांधावे?

डिसेंबरात दापोलीजवळच्या खासगी रानात, मालकांच्या परवानगीने, आम्ही दोघे एक रात्र राहणार असून पाण्यासह प्रत्येकाची पाठपिशवी ७ किलोंच्या आत ठेवायची आहे. मागच्या खेपेस निम्मे वजन जाड ताडपत्री आणि कोयत्याचेच भरले होते. म्हणून नंतर पातळ नायलॉनचे ३ बाय ३ मीटरचे छत नेऊन पाहिले; पण जांभ्यात ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकल्या, दगडांना बांधलेल्या दोऱ्या काचून त्यांचे धागे सुटले, आणि पहाटे दवाचे थेंब छताच्या आतल्या बाजूने थेट पांघरुणावर टपकू लागले. झाडे फक्त एका कडेला आहेत. गवत वाळलेले असल्याने शेकोटी पेटवायची नाही, हे पक्के आहे. अशा जागी खुंट्यांऐवजी काय वापरावे, आणि दव आत साचू नये म्हणून छत किती उंच व कोणत्या बाजूने उघडे ठेवावे?