टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर शुगर-बीपी दोन्ही चढले; कोणती गोळी कोणाला कापते आहे?

उपकेंद्रावरून

पुरुष, वय 56, वजन 48 किलो. फुफ्फुसाचा टीबी, नेहमीच्या औषधाला दाद देणारा. चार औषधांच्या एकत्र गोळ्या (4एफडीसी) रोज 3, पाचवा आठवडा चालू आहे. आधीपासून शुगरसाठी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम सकाळी, मेटफॉर्मिन 500 दोन वेळा; बीपीसाठी अॅम्लोडिपिन 5, टेल्मिसार्टन 40.

टीबीच्या आधी उपाशीपोटी शुगर 130 च्या आसपास असायची, आता 210. बीपी 134/84 होतं, आता 158/96. गोळ्या चुकत नाहीत, रिकामी पाकिटं मोजून पाहिली. गुडघे दुखतात म्हणून बाजारातून पुडी आणतो. बाजाराच्या दिवशी मोहाची घेतो. घरचे म्हणतात, टीबीच्या गोळीनं शुगर वाढली, आठ दिवस बंद ठेवून पाहू. त्यांना काय सांगायचं, आणि डॉक्टरांपुढे नेमकं काय मांडायचं?

खलबत्ता (फार्मासिस्ट)

टीबीची गोळी बंद करायची नाही, हे आधी सांगा. शुगर तिच्यामुळं वाढली असेलही, पण उपाय दुसऱ्या गोळीत करायचा असतो.

एफडीसीच्या एका गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असतं. यातलं खोडकर रिफाम्पिसिन. ते यकृताला औषधं फोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनवायला लावतं. मग तीच गोळी, तोच डोस, पण रक्तात टिकते कमी. हा परिणाम एका दिवसात येत नाही, पूर्ण चढायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं ठीक आणि चौथ्या-पाचव्यात गडबड, असं चित्र दिसतं.

तुमच्या यादीतल्या ग्लिमेपिराइडचं रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे एक-तृतीयांशानं घटतं. ग्लिक्लाझाइड असतं तर त्याहून बरंच जास्त घटलं असतं, म्हणून "ही बदलून ती देऊ" हा मार्ग इथं उलटा पडतो. मेटफॉर्मिन यकृतात फुटत नाही, लघवीतून जातं, त्याचा डोस रिफाम्पिसिनपायी बदलावा लागत नाही. इन्सुलिनलाही ही विकरं हात लावत नाहीत. अॅम्लोडिपिन चांगलंच कापलं जातं. टेल्मिसार्टनचा रस्ता वेगळा, ते बहुतांशी वाचतं. लोसार्टन असतं तर तेही घटलं असतं.

गॅससाठी पांढरं पातळ औषध घेत असेल तर तेही विचारा. अॅल्युमिनियमवालं अँटासिड आयसोनियाझिडचं शोषण कमी करतं. टीबीच्या गोळ्या आधी, अँटासिड किमान दोन तासांनी.

मेडिसिनवाला

वरचं बरोबर, पण सगळा दोष रिफाम्पिसिनवर टाकू नका. टीबीचा संसर्ग स्वतःच शुगर वाढवतो. आणि ती पुडी! मला आधी संशय पुडीचा.

पेशंटला पुडी न उघडता तशीच घेऊन यायला सांगा. कागदाच्या गुंडाळीत सहसा तीन-चार सुट्ट्या गोळ्या निघतात: एक डायक्लोफिनॅकसारखी दुखीची, एक अॅसिडिटीची, आणि एक अगदी बारीक, बहुतेक वेळा स्टेरॉइड. पट्टी नसते, म्हणून नाव कळत नाही. स्टेरॉइडनं शुगर वाढते, जास्त करून दुपारी-सांजच्याला. तेव्हा जेवणानंतर दोन तासांचीही तपासा, उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका. दुखीची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते आणि टेल्मिसार्टनचा जोर कमी करते. वरून लघवी वाढवणारी गोळी असली तर तीन मिळून किडनीला धक्का देतात. मे महिन्यात वावरात 45 अंशांत दिवसभर घाम गाळणाऱ्याला तर लवकरच. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आताच करून ठेवा.

एक सावधगिरी. पुडी तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज चालू असेल तर आजच्या आज तोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, शिवाय रिफाम्पिसिन बाहेरून आलेलं स्टेरॉइड लवकर फोडतं. गळून जाणं, उलटी, बीपी एकदम उतरणं असं होऊ शकतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून उतरता डोस लिहून घ्या. कधीमधीच घेत असेल तर बंद करायला हरकत नाही.

गुडघेदुखीचं कारणही याच औषधात असू शकतं. पायराझिनामाइड युरिक अॅसिड वाढवतं. ते औषध पहिल्या दोन महिन्यांनी कोर्समधून निघतं, म्हणजे आता तीनेक आठवडेच उरले. तोवर पॅरासिटामॉल 500, दिवसाला 4 च्या वर नाही; आयसोनियाझिड आणि मोहाची दोन्ही असताना यकृतावर एवढंच झेपतं.

आता डोस. अॅम्लोडिपिन वाढवायचं की दुसरी गोळी जोडायची ते डॉक्टर पाहतील. शुगर 210 ला मेटफॉर्मिन वाढवायला जागा आहे (किडनी ठीक असेल तर), नाहीतर काही महिने इन्सुलिन, तेच सर्वांत सरळ.

पण लोक चुकतात ते कोर्सच्या शेवटी. समजा ग्लिमेपिराइड 2 चं 4 केलं. सहा महिने झाले, टीबीच्या गोळ्या थांबल्या, कार्ड बंद, सगळे खूश. पुढच्या साधारण दोन आठवड्यांत विकरं मूळ पातळीवर येतात आणि तीच 4 ची गोळी अंगावर येते. पेशंट सकाळी नुसत्या चहावर निंदायला जातो, दहा-अकराच्या सुमारास घाम, थरथर, बरळणं. लोक म्हणतात ऊन लागलं. म्हणून शेवटची गोळी ज्या तारखेला आहे त्या तारखेपुढं "डोस परत बघणे" असं लाल पेनानं लिहून ठेवा आणि पुढं चार आठवडे दर आठवड्याला शुगर-बीपी घ्या. शुगर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासणी, मग भाकर-वरण. ग्लिमेपिराइड लांब चालतं, एकदा साखर दिली की मोकळे झालो असं होत नाही. त्या दिवशी एकटं सोडू नका.

एसटीएस_विदर्भ (टीबी उपचार पर्यवेक्षक)

मोहाच्या मुद्द्यावर. "सोडा" म्हटलं तर तो मान हलवतो आणि रविवारी पितोच. त्यापेक्षा काय दिसलं की धावत यायचं ते सांगा. अडचण अशी की रिफाम्पिसिननं लघवी तशीही नारंगी-लाल होते, म्हणून काविळीची लघवी ओळखू येत नाही. घरच्यांना डोळ्याचा पांढरा भाग पाहायला शिकवा, उजेडात, पापणी वर करून. भूक मेली, मळमळ थांबत नाही, उजव्या बरगडीखाली दुखतं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी केंद्रावर. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मलच्या तिप्पट आणि सोबत त्रास, किंवा त्रास नसताना पाचपट, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात. ते घरी ठरवायचं नाही.

शुगर आणि दारू दोन्ही आहेत, म्हणजे पायाला मुंग्या-जळजळ आयसोनियाझिडमुळंही होऊ शकते. पायरिडॉक्सिन (बी6) 10 मिलिग्रॅम रोज चालू आहे का पाहा. वजन दर महिन्याला करा. 35 ते 49 किलोला 3 गोळ्या, 50 ते 64 ला 4. हा काठावर आहे.

उपकेंद्रावरून

पुडी आठवड्यातून एक-दोनदाच घेतो म्हणे, आजपासून बंद. क्रिएटिनिनला रक्त पाठवलं. घरात सून आहे, माला-एन (गर्भनिरोधक गोळी) घेते. तिला प्रतिबंधक 3एचपी (टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध) सुरू करायचं आहे. तिची गोळी चालेल?

खलबत्ता (फार्मासिस्ट)

नाही. 3एचपीमधलं रिफापेंटिन हे रिफाम्पिसिनचंच भावंड, आठवड्यातून एकदा असलं तरी माला-एनचे हार्मोन कापतं. मासिक पाळीच्या मधेच रक्त दिसलं तर ती त्याचीच खूण. बारा आठवडे आणि संपल्यावर आणखी चार, एवढा काळ कॉपर-टी किंवा अंतरा इंजेक्शन. दोन्हींना धक्का लागत नाही. ते होईस्तोवर निरोध. आणि 3एचपी सुरू करण्याआधी ती गरोदर नाही ना, हे लघवीच्या कार्डनं तपासून घ्या.