जंत खरोखर झाले आहेत हे ओळखावे कसे, आणि वावडिंगाच्या काढ्यावर किती विसंबावे?

प्रश्न – कृष्णाकाठ (पलूस)

नमस्कार. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. गेले तीन आठवडे ती रात्री झोपेतून उठते, शौचाची जागा खाजवते आणि रडते. दिवसा मात्र तिचे खाणेपिणे आणि खेळणे व्यवस्थित चालू असते. परवा शौचात पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी वळवळताना दिसले, म्हणून शौचाची तपासणी करून घेतली, तर अहवालात काहीच निघाले नाही. फेब्रुवारीत अंगणवाडीत तिने जंताची गोळी चघळून खाल्ली आहे. गुऱ्हाळावरचा गूळ अति झाल्याने जंत झाले, असे सासूबाईंचे म्हणणे असून त्या तिला रोज वावडिंगाचा काढा देतात. ती झोपेत दात खाते, हाही त्यांना पुरावाच वाटतो. अहवालावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर?

उत्तर – जुनी परिचारिका (मिरज)

ताई, इथे डोळ्यांवर विश्वास ठेवा. आपण वर्णन केलेले जंत सूतकृमी असावेत. त्यांची मादी साधारण एक सेंटिमीटर लांब असते आणि रात्री मूल झोपल्यावर गुदद्वाराबाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते. खाज सुटते ती त्यामुळेच. अंडी शौचात क्वचितच मिसळत असल्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी मूल उठल्याबरोबर, शौचाला किंवा अंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबावी, काचपट्टीवर चिकटवावी आणि प्रयोगशाळेत द्यावी. लागोपाठ तीन सकाळी असे केल्यास सहसा निदान होते.

गोळी घेऊनही जंत पुन्हा का झाले, याचे उत्तर नखांत आहे. त्या गोळीतले औषध, अल्बेंडाझोल, जंतांना मारते, अंड्यांना नाही. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि त्याच हाताने ते भाकरीचा तुकडा तोंडात घालते. २०१५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी मिळते, परंतु तो कार्यक्रम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांच्यासाठी आहे. सूतकृमींसाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. घरात कोणी गर्भवती असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

दात खाण्याचे म्हणाल, तर जंत नसलेली मुलेही दात खातात. गुळाने जंत होत नाहीत. अंडी पोटात गेल्याशिवाय सूतकृमी होणे शक्य नाही.

उत्तर – ऊसवाला (वाळवा)

मी डॉक्टर नाही, पण फसलेला आहे. माझ्या धाकट्याच्या शौचात काळे दोरे दिसले, तेव्हा मी घर डोक्यावर घेतले होते. ते केळ्यातले तंतू निघाले. मटकीचे मोडही असेच चकवतात. त्यामुळे वळवळ दिसली का, हे आधी पाहावे.

उलट, काही वेळा खरे जंत दिसतही नाहीत. उसाला पाणी पाजताना मी वर्षानुवर्षे अनवाणी राहिलो. बोटांच्या बेचक्यात खाज आली की चिखल्या समजून मेंदी लावत असे. पुढे धाप लागू लागली, रक्त सातवर आले आणि एका दवाखान्यात कित्येक महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या मिळाल्या. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी शौच तपासायला लावले, तेव्हा अंकुशकृमी सापडले. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरतात आणि जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. पोटात दुखल्याचे मला तरी आठवत नाही.

उत्तर – काढा-चूर्ण (कराड)

वावडिंगाला आयुर्वेदात कृमिघ्न म्हटले आहे आणि आपल्याकडे ते लहान बाळाच्या पाण्यातही उकळतात, त्यामुळे सासूबाईंचा हेतू निराधार नाही. अडचण मात्रेची आहे. चिमटीने टाकलेल्या दाण्यांतून औषध किती उतरले, हे कळत नाही. म्हणून घरच्या काढ्यावर न थांबता वैद्यांना विचारावे, आणि गर्भवतींना तर तो देऊच नये. ताक, आंबील, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या यांनी पोट साफ राहते, पण जंत मरत नाहीत. ‘आतडी धुणारी’ चूर्णे घेतल्यावर जे लांबट दोरे पडतात, ते पुष्कळदा चिकट श्लेष्मा आणि त्या चूर्णातलाच इसबगोल असतो. त्यांचे छायाचित्र पाहून कोणी घाबरू नये.

शौचात चपट्या पांढऱ्या पट्टीचे तुकडे पडत असतील, किंवा सोबत फिट येत असेल, तर मात्र घरी काहीही न देता डॉक्टरांकडे जावे. तो पट्टकृमी असू शकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. दुसऱ्याच सकाळच्या पट्टीवर अंडी सापडली. आम्ही पाचही जणांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतली असून दुसरी मात्रा पंधरवड्याने आहे. नखे कापली, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ आणि चड्डी बदलणे चालू आहे. चादरी गरम पाण्यात धुतल्या, परंतु वाकळ कशी धुवावी?

उत्तर – जुनी परिचारिका (मिरज)

वाकळ झटकू नका, अंडी उडतात. ती गुंडाळून उचला, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका आणि नंतर तीन आठवडे बाजूला ठेवून द्या. अंडी त्यापुढे सहसा टिकत नाहीत. तोवर मुलीला रोज धुता येईल अशी चादर पांघरायला द्या.