आजोबांच्या कार्डातला 'बटवडा' म्हणजे नक्की काय?

शेंगाचटणी४१३
परवा माळ्यावरची ट्रंक काढली, त्यात आजोबांनी आजीला लिहिलेली पंधरावीस पोस्टकार्डं निघाली. आजोबा इथं सोलापुरात मिलमध्ये, आजी तेव्हा अक्कलकोटकडं गावी. एका कार्डात लिहिलंय, "बटवडा झाला की मनिऑर्डर करतो, उलट टपाली खुशाली कळव, मागलं पत्र नॉटपेड आलं." आता बटवडा म्हणजे पोस्टमन पत्रं वाटतो ते, एवढंच मला माहिती, मग पत्रं वाटून झाल्यावर आजोबा पैसे का पाठवणार? आणि नॉटपेड काय प्रकार? एक कार्ड तर कन्नडात आहे, आजोबांच्या थोरल्या भावाचं, त्याचा एक कोपराच नाही. बाकी सगळी इतकी जपलेली, हेच कसं फाटलं कळेना. फोटो टाकतो खाली.

मिलचाळ
अहो तो मिलचा बटवडा! बटवडा म्हणजे वाटप, मग टपालाचं असो नाहीतर पगाराचं. आमच्या चाळीत बटवड्याचा दिवस म्हणजे सणच की, वडील भोंगा झाल्यावर घरी आले की आधी देवापुढं पैसे ठेवायचे, मग किराणावाल्याची उधारी आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात मनिऑर्डरची लाईन. फॉर्मला खाली एक छोटं कुपन असायचं त्यावर चार ओळी लिहिता यायच्या, ते कुपन पैसे घेणाऱ्याकडंच राहायचं. ट्रंकेत नीट बघा, आजीनं कुपनं पण ठेवली असतील, आमच्या आईनं ठेवली होती.

टपालवाला_निवृत्त
नॉटपेड म्हणजे तिकीट न लावता किंवा कमी लावून टाकलेलं पत्र. जेवढे पैसे कमी त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल करायचे, त्यानं नाही म्हटलं की पत्र परत पाठवणाऱ्याकडं. हिंदीवाले बैरंग म्हणतात, ते इंग्रजी बेअरिंगवरनं आलं. बरेच लोक मुद्दाम तिकीट लावायचे नाहीत, कारण पैसे वसूल करायचे म्हणजे पोस्टमन पत्र हातातच देणार, हरवणार नाही अशी खात्री. तुमच्या आजीनंही कदाचित तसंच केलं असेल. उलट टपाली म्हणजे पत्र मिळाल्या मिळाल्या, पुढच्याच टपालानं उत्तर. हा शब्द मला फार आवडतो, आता कोणी लिहीत नाही.

हैद्रा_रोड
आमच्या घरी कन्नड. पोस्टाला आम्ही अंचे म्हणतो, शेजारचे पद्मशाली तेलुगूत टपा म्हणतात आणि मराठीत टपाल, एकाच बोळात पोस्टमनला तीन शब्द. डाक हा मूळ उत्तरेकडचा, आपल्याकडं तो डाकबंगला, डाकगाडी असा जोडशब्दातच जास्त ऐकू येतो, "डाक आली का" असं सोलापुरात मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

फोटो बघितला. दादा, तो कोपरा फाटलेला नाही, फाडलेला आहे. कोणी वारलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे, म्हणजे हातात घेतल्या घेतल्या कळावं. लग्नाच्या पत्राला हळदकुंकू लावतात त्याच्या बरोबर उलटं. पहिल्या ओळीत लिहिलंय, अव्वा गेली, मिळेल त्या गाडीनं ये. अव्वा म्हणजे आई.

मिलचाळ
असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचेच नाहीत.

शेंगाचटणी४१३
म्हणजे पणजी गेल्याचं कार्ड. आजोबांनी ते ठेवलं, आणि त्यांच्या मागं आजीनं पण टाकलं नाही, तिला तर कन्नड वाचताच यायचं नाही. वडिलांना आत्ताच फोन केला, त्यांना यातलं काही माहिती नव्हतं, रविवारी येतायत बघायला. कुपनं पण सापडली मिलचाळ काका, दोऱ्यानं बांधून, सव्वीस आहेत.