बोरधरणाच्या गेटापर्यंत पळत जायचं की नाही?

बांधावरून

मागच्या रविवारी आम्ही अकरा जण गावातून बोरधरणाच्या गेटापर्यंत, म्हणजे बोर व्याघ्र प्रकल्पाच्या दारापर्यंत, पळत गेलो. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं आमचं गाव, तिथून गेट चौदा किलोमीटर, जाऊन-येऊन अठ्ठावीस. पहाटे पाचला मारुतीच्या देवळापासून निघालो. मी शाळेत शिकवतो, वय ४१. बाकीचे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. कोणी पोलीस भरतीच्या मागे, कोणी वनरक्षकाच्या, दोघं-तिघं नुसतेच हौशी.

परत आलो तर पारावर बोलणं सुरू झालं होतं. "मास्तर लोकांची पोरं वाघाच्या दारात नेऊन राहिले." सोमवारपर्यंत तीन घरांतून निरोप आला की आमचं लेकरू पुन्हा येणार नाही. वाईट वाटलं, पण राग आला नाही. भीती खोटी नाही, हे मलाही कळते. तरी माझं मत ठाम आहे म्हणून इथं मांडतो: महिन्यातून एका रविवारी हे पळणं व्हायलाच पाहिजे.

बोर १९७० पासून अभयारण्य आहे, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणती होते, जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. पुण्या-मुंबईची माणसं गाडी करून ते पाहायला येतात. आणि आमच्या अकरातल्या सहा जणांनी धरणाचं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चौदा किलोमीटरवर जन्म काढून! त्यांना बोर ठाऊक आहे ते कोणाचं ढोर गेलं, कोणाचं पीक गेलं, एवढ्यापुरतं. सफारीच्या जिप्सीचे पैसे भरून आत जायचं यांच्या घरात कोणाच्या डोक्यातही येणार नाही. पायानं मात्र गेटापर्यंत जाता येते.

उजाडता उजाडता पोहोचलो. पाण्यावरून वाफ निघत होती, पलीकडच्या काठाला चितळं उभी होती. आमचा एक पोरगा, दिवसभर तोंड बंद नसते त्याचं, तो दहा मिनिटं गुडघ्यांवर हात टेकून, घाम पुसायचा विसरून नुसता बघत राहिला. हाच पोरगा वनरक्षकाचा फॉर्म भरणार आहे.

कोणाला हे चूक वाटत असेल तर मोकळेपणानं लिहा.

रात्रपाळी

मास्तर, तुमचा मान ठेवून लिहितो, पण मले नाही पटलं. माह्यं वावर त्याच रोडले लागून हाये, हिंगणी गावाच्या अलीकडं. दिवाळीच्या तोंडावर माही कालवड नेली, गोठ्यापासून दोनशे पावलांवर. सकाळी पाहिलं त ओढत नेल्याची रेघ, तुरीच्या दोन ओळी आडव्या झालेल्या, अन् खुट्याले तुटलेलं दावं. ते दावं मी अजून सोडलं नाही तिथून.

मी रात्री वावरात काहून जातो? विजेची लाईन रात्रीची रायते म्हणून. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याले पाणी द्याचं त रात्री बारालेच द्या लागते. अन् जागलीले नाही गेलं त रोही अन् डुकरं उभं पीक खाऊन टाकतात. मी घरून निघालो की माही बायको सकाळपर्यंत झोपत नाही. तुमी त हौसेनं जाता, तेही अंधारात, लोकायची लेकरं घेऊन.

आनखी एक सांगतो. एखाद्या पोराले काही झालं, त तुमचं रनिंग बंद होईन, बस. आमचं रानच बंद होते. ढोरं चारणं बंद, सरपण बंद, मोहफुलं बंद. वर वाघाले पकडा म्हणून गावात गर्दी, गाड्या. तुमी तवा शाळेत असान.

राळेगावची माती

रात्रपाळी भाऊंचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी पुन्हा वाचा. आमच्याकडे हे घडलेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या नावावर १३ माणसं लागली आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. बाहेरचे लोक तिला अवनी म्हणत, तिच्यासाठी शहरांत मोर्चे निघाले. त्या काळात आमच्या शिवारात चार वाजले की बाया वेचणी टाकून घोळक्यानं घराकडे निघायच्या, हातात काठ्या घेऊन. माझ्या सासूबाईंची कापसाची ओटी अर्धीच भरलेली असायची. बोंडं फुटून कापूस खाली लोंबायचा, पण पुढच्या ओळीत जायची कोणाची छाती होत नव्हती.

मला ती वाघीणही मरायला नको होती. दोघांत जेवढं अंतर राहील तेवढं दोघंही जगतात, हे आम्ही पाहून बसलो आहोत. कामासाठी ते अंतर कमी करावं लागते, त्याला इलाज नाही. पळण्यासाठी कमी करू नका.

सागवान

मी वनविभागात रोजंदारीवर आहे, गस्तीला पायीच फिरतो. थोडं कायद्याचं आणि थोडं जनावरांचं सांगतो.

सार्वजनिक रस्त्यानं पळायला मनाई नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ परवानगीशिवाय अभयारण्यात शिरायला बंदी घालते, पण सार्वजनिक रस्त्यानं जाणाऱ्याला त्यात सूट आहे. रस्ता सोडून कोणी पायवाटेनं आत शिरलं तर मात्र गुन्हा. "इथून शॉर्टकट आहे" म्हणणारी पोरं दरवर्षी सापडतात.

आता वाघ. तो लांबवर पाठलाग करून दमवणारा नाही, दबा धरतो आणि जवळ येऊ देतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांचा दिसतो. म्हणून मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, परसाकडे बसलेली माणसं सापडतात. तेव्हा बुटाची नाडी बांधायला गवताकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला बसू नका. रस्त्याच्या मधोमध या, दुसऱ्याला बाजूला उभं करा, मग बांधा. आणि समोर दिसलाच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरकायचं. रनिंग करणाऱ्याला नेमकं हेच जड जाते, कारण त्याचे पाय आधीच पळत असतात.

पण खरं सांगू का, मला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. त्याला दिसते कमी. चार माणसं चालत गेली तर बोलत जातात, त्याला दुरून चाहूल लागते आणि ते बाजूला होते. पळणारा मुका येतो. वळणावर अचानक दोन हातांवर आला की ते घाबरून अंगावर येते, आणि पहिला पंजा चेहऱ्यावर. त्यात कानात हेडफोन असला तर झालंच.

माझं मत: रस्ता ठीक, वेळ चूक. पहाटे पाच-सहा ही जनावरांची वेळ आहे. राळेगावच्या ताईंचं दुःख मोठं आहे, पण या रस्त्यांवर पायानं जाणाऱ्यापेक्षा गाडीवाला जास्त घातकी. बोरचा बाजीराव वाघ २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती हायवेवर गाडीच्या धडकेनं मेला. पायी जाणाऱ्यानं त्याला काही केलं नव्हतं.

मैदान १६००

वाघ बाजूला ठेवा, मी दुसऱ्याच कारणानं विरोधात आहे. सैन्यातून निवृत्त होऊन आता भरतीची पोरं तयार करतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटरला पूर्ण गुण पाहिजे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत यायला लागते. ते अठ्ठावीस किलोमीटर रखडत जाऊन मिळत नाही, ४०० मीटरचे तुकडे छाती फुटेस्तोवर मारून मिळते.

रोज पाच-सहा किलोमीटर पळणाऱ्या पोराला एकदम अठ्ठावीसवर नेलं की नडग्या भरतात, आणि पोरगं सांगत नाही. त्यावरच पळत राहिलं की हाडाला बारीक चीर जाते. खाली डांबर, पायात आठवडी बाजारातले बूट, टाच एका बाजूनं झिजलेली. ग्राउंडच्या तारखेला लंगडणारं पोरगं पाहवत नाही मास्तर. दोन-तीन वर्षांची मेहनत असते ती, आणि पुढची जाहिरात कधी निघेल कोणाला ठाऊक.

वनरक्षकाचं वेगळं. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन, आणि पुढं चार तासांत चालायची चाचणी, मुलांना २५ किलोमीटर, मुलींना १६. त्याला लांबचा सराव कामी येतो, पण तोही आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरनं वाढवत.

आणि एक विचारतो. अकराच्या अकरा पळत परत आले का?

रविवार रनर

मी मूळचा वर्धेकडचा, आता नागपुरात. एवढी चर्चा कशाला? रीतसर स्पर्धाच भरवा की. टी-शर्ट, पदक, प्रायोजक. पाचशे धावपटू आले तर हिंगणीच्या हॉटेलवाल्यांनाही चार पैसे मिळतील, आणि रस्त्यावर बंदोबस्तही राहील.

सागवान

नको दादा. जंगलाच्या तोंडाशी पाचशे माणसं, लाउडस्पीकर आणि पाण्याचे प्लास्टिकचे पेले. ते पेले वेचायला आम्हीच जातो.

पळसफूल

त्या अकरात मी होते. आम्ही दोघी मुली होतो.

सगळे लिहून राहिले की उजाडल्यावर निघा. उजाडल्यावर रस्त्यावर कोण असते तेही लिहा ना. टपरी उघडते. बाईकवाले मागून गाडी हळू करतात, पुढं जाऊन आरशात पाहतात, मग वळून पुन्हा येतात. घरी सांगितलं तर त्यांचं काही होणार नाही, माझं रनिंग बंद होईल. म्हणून मी रोज साडेचारला पळते, ओढणी कमरेला घट्ट बांधून, मुठीत एक दगड. दगड कुत्र्यांसाठी. गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या शेडजवळ सहा-सात कुत्री असतात, त्यांनी मला दोनदा घेरलं आहे. वाघानं अजून एकदाही नाही.

त्या रविवारी हिंगणी मागं पडल्यावर शेवटपर्यंत कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना सागाची वाळकी पानं पडत होती, एकेक पान पडलं की पापडासारखा आवाज यायचा, आणि आमच्या पायांचा. आत वाघ आहे हे मला माहीत होतं. तरी एवढं मोकळं मला गावच्या रोडवर कधी वाटलं नाही. मैदान सर, तुमचं नडगीचं पटलं, मी जपते. पण मला वनरक्षकच व्हायचं आहे आणि सोळा किलोमीटर चालायची भीती त्या दिवशी गेली.

ज्या तीन घरांतून निरोप आला त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं. ती आता पहाटेही येत नाही. मी एकटी पळते.

बांधावरून

मैदान सर, नाही. चार जण हिंगणीहून दुधाच्या गाडीत परत आले, आणि एकाची नडगी अजून दुखते. मी वर लिहिलं नाही, ते चुकलं. भरतीची पोरं यापुढे हिंगणीपर्यंतच, तीही तुम्ही सांगितलं तसं हळूहळू वाढवत. ज्यांचं ग्राउंड दोन महिन्यांवर आहे ते अजिबात नाही.

रात्रपाळी भाऊ, तुमच्या कालवडीचं मला माहीत नव्हतं. त्या अंधारात मी तुमच्या वावरावरून गेलो आणि तुम्ही तिथंच जागलीला असणार. आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि हातावर घड्याळ घेऊन, तुम्ही बॅटरी आणि काठी घेऊन. चार दिवस हेच डोक्यात आहे. तुम्ही नाइलाजानं जाता, आम्ही मर्जीनं, हा फरक मी नाकारत नाही.

आता सव्वासातला निघू. सगळे एका घोळक्यात, बोलत, पुढं कोणी सुटायचं नाही. कानात काही नाही. पुढं एक बाईक, मागं एक. गेटावरून माघारी, आत पाऊल नाही. पोहोचता पोहोचता नऊ वाजतील, परतीला ऊन लागेल, म्हणून होळीपर्यंतच. पुढं आपल्याकडचं ऊन काय असते ते सांगायला नको.

पण जाणं सोडणार नाही. राळेगावच्या ताई, अंतर राखा म्हणता ते मानतो. पण आमच्या पोरांच्या मनात बोरचं जे अंतर आहे ते चौदा किलोमीटरपेक्षा फार जास्त आहे. वाघ म्हटलं की त्यांना एक तर मोबाईलवरचा व्हिडिओ दिसते, नाही तर मेलेलं ढोर. आणि उद्या याच पोरांतून कोणी वनरक्षक होणार, कोणी सरपंच.

राळेगावची माती

तुम्ही बोलणं ऐकून घेतलं, बरं वाटलं. मी मात्र माझ्या पोराला पाठवणार नाही.

रात्रपाळी

माह्या मतात फरक नाही पडला मास्तर. पण तुमी जानच, हे दिसून राहिलं. त आयका.

सव्वासातले निघता त आठ-सव्वाआठले माह्या वावरापाशी येसान. डाव्या हाताले, एकच आंबा हाये, त्याच्याखाली मचाण. मी सकाळी जागलीवरून उतरलो की धुऱ्यानं एक चक्कर मारतोच, माग पाहाले. ताजा माग दिसला त रोडच्या बाभळीवर माह्यं लाल उपरणं टाकून ठेवीन. उपरणं दिसलं त तिथूनच मागं फिरा. फोटो काढाले थांबू नका. नसन दिसलं त हाक द्या, चहा ठेवतो.

अन् त्या पोरीनं जे लिहिलं, की उजाडल्यावर तिले रोडनं पळू देत नाहीत, त्याचं काय करता ते तुमी काही सांगितलं नाही. महिन्यातून एक रविवार तुमच्यासंग येईन ते. बाकीचे दिवस?