आतड्याच्या जुनाट आजारात गावी राहून डॉक्टरांची देखरेख कितपत भरवशाची?

प्रश्न : आंजर्लेकर

माझ्या धाकट्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचे) निदान होऊन चार वर्षे झाली. उपचार मुंबईतील पोटविकारतज्ज्ञांकडे चालू आहेत. आजार उसळलेला असताना तिला दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागते आणि अशा अवस्थेत एसटीचा दिवसभराचा प्रवास म्हणजे शिक्षाच असते. आदल्या दुपारपासून ती काही खात नाही, पाण्याचा घोटही मोजून घेते आणि तरीही महाडच्या आसपास कंडक्टरला गाडी थांबवण्याची विनंती करावी लागते.

आता डॉक्टरांनी सुचवले आहे की दर आठवड्याला मोबाइलवर प्रश्नावली भरावी, तपासण्या दापोलीत कराव्यात, महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलावे आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष यावे. प्रवास वाचेल याचा आनंद आहे, पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर वीज आणि फोन नसताना आम्ही कसे दिवस काढले ते आठवले की धास्ती वाटते. शिवाय बहीण दुखणे अंगावर काढणारी आहे. गेल्या पावसाळ्यात रक्त पडत असल्याचे तिने बारा दिवस आईलाही सांगितले नव्हते. या पद्धतीचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : देवगडवासी

मी स्वतः अकरा वर्षे याच आजाराचा रुग्ण आहे आणि गेली तीन वर्षे अशाच देखरेखीखाली आहे. माझे सांगणे एवढेच, की अ‍ॅपपेक्षा वहीवर भर द्यावा. मी शंभर पानी वहीत रोज चार गोष्टी लिहितो : किती वेळा शौचाला झाले, रक्त दिसले का, रात्री झोपेतून उठावे लागले का आणि ताप आहे का. वजन रविवारी. यातला रात्रीचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दिवसा जास्त वेळा जावे लागले तर आपण खाण्यापिण्यावर ढकलतो, पण रात्री दोनदा उठावे लागले की आतड्याला सूज आल्याची शंका घ्यावीच लागते.

एक कटू अनुभवही सांगतो. पूर्वीच्या एका रुग्णालयाच्या अ‍ॅपमध्ये मी रक्तस्राव नोंदवला आणि कोणीतरी पाहील या विश्वासावर थांबलो. नऊ दिवस ती नोंद कोणीही उघडली नव्हती. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या : नोंद कोण वाचणार, किती तासांत वाचणार आणि उत्तर न आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर ती देखरेख नव्हे.

उत्तर : चिपळूणहून एक डॉक्टर

देवगडवासींचा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे. नेदरलँड्समधील चार रुग्णालयांत आतड्याच्या सुजेच्या ९०९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षभरात दूरस्थ देखरेखीखालील रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागातील भेटी सरासरी १.५५ झाल्या, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांच्या २.३४. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही कमी राहिले. मात्र तेथे प्रत्येक नोंदीमागे ती पाहणारी माणसे होती, हे विसरता कामा नये.

तपासण्यांपैकी शौचातील कॅलप्रोटेक्टिन ही सर्वांत उपयोगी. आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमल्या की हे प्रथिन वाढते. ते प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या आत असल्यास सहसा काळजी नसते आणि २५०च्या वर गेल्यास आजार सक्रिय असण्याची शक्यता बरीच असते. पण वेदनाशामक गोळ्यांनी आणि साध्या जंतुसंसर्गानेही ते वाढते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की आमच्याकडे जुलाबाचे रुग्ण वाढतातच, त्यामुळे आजार उसळला असे समजून स्टिरॉइड वाढवण्यापूर्वी शौचाची साधी तपासणी करून घ्यावी. कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय असेल, तर ती मोडावी. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल, तर सुरुवातीला वरचेवर आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी आवश्यक आहे. हे सारे दापोलीत राहून होऊ शकते.

मोबाइलवर होत नाही ते म्हणजे पोटाला हात लावून पाहणे आणि दुर्बिणीने आतडे पाहणे. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप, किंवा नाडी मिनिटाला ९०च्या वर असेल, तर संदेशाच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोट फुगून दुखू लागले तरीही तसेच. सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष भेटीलाही आधार आहे : भारतातील २०२०च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याच आजारासाठी प्रत्यक्ष भेट होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ गेला, तर पुढचा सल्ला पाठपुरावा म्हणून धरला जात नाही.

उत्तर : गुहागरची सून

आमच्या सासऱ्यांना यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होत जाण्याचा आजार) आहे. आजार वेगळा असला तरी व्यवस्था हीच. रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचे वजन करून डॉक्टरांना कळवतो, कारण पोटात पाणी साठू लागल्याचे काट्यावर आधी दिसते. पण मागच्या वर्षी खरी खूण काट्यावर दिसलीच नाही. अण्णा दुधाच्या वहीत रोज सही करतात. ती सही दोन दिवस वेडीवाकडी येऊ लागली आणि तारखाही चुकल्या. मी त्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर परिणाम होत असल्याचे डॉक्टरांनी ओळखले आणि अण्णांना त्याच दिवशी दाखल केले. तुमच्या ताईंची वही आईंनाही वाचू द्या. पण आधी ताईंना विचारा, कारण शौचाच्या नोंदी घरातल्या कोणी वाचणे बाईमाणसाला किती जड जाते हे मी जाणते.

आंजर्लेकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. बहिणीशी बोललो. आईने वही पाहायला तिची हरकत नाही, मी मात्र पाहू नये असे तिने सांगितले आणि ते मला मान्य आहे. तीन प्रश्न डॉक्टरांना लिहून पाठवले आहेत. नेटवर्क गेल्यास रविवारी वहीच्या पानाचा फोटो घेऊन मी दापोलीला जाऊन तेथून पाठवीन. दापोलीत कॅलप्रोटेक्टिनचा नमुना कोण स्वीकारते आणि तो मुंबईला पोहोचेपर्यंत थंड ठेवावा लागतो का, हे ठाऊक असलेल्यांनी कृपया कळवावे.