चिनी लाँड्रीवाल्याचा एकटेपणा: लादलेला की पत्करलेला?

मुक्काम_ओकलंड
गेल्या रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन एंजल आयलंडला जाऊन आलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं बेट. १९१० ते १९४० या काळात बोटीनं आलेल्या चिनी लोकांना चौकशीसाठी तिथे अडकवून ठेवायचे, कुणाला पंधरा दिवस, कुणाला वर्षाच्या वर. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता अजून दिसतात, अशा दोनशेच्या वर सापडल्यात म्हणे. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. मला मात्र परतीच्या फेरीत वेगळंच वाटत होतं, की या लोकांच्या एकटेपणाचं सगळं खापर अमेरिकेवर फोडणं बरोबर आहे का? पॉल सिउ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात चिनी लाँड्रीवाल्यांवर प्रबंध लिहिला, आणि तो स्वतः लाँड्रीवाल्याचाच मुलगा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा माणूस इथे राहायला आलेलाच नसतो, मुक्कामाला आलेला असतो. चार पैसे गाठीला बांधून गावी जायचंय, मग इंग्रजी कशाला शिका, ओळखी कशाला वाढवा. दुकानातच इस्त्री, मागच्या खोलीत झोप, आणि असं करत तीस वर्षं निघून जातात. म्हणजे अर्धा एकटेपणा तरी पत्करलेलाच ना?

शैलाताई_फ्रेमाँट
काय बोलताय! संसार मांडायची सोय होती का त्याला? १८७५ च्या पेज कायद्यानं चिनी बायकांना वेश्या असल्याच्या संशयावरून बंदरातूनच परत पाठवायला सुरुवात झाली, १८८२ ला चिनी मजुरांनाच बंदी आणि ती १९४३ पर्यंत. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या चिनी लोकांत २७ पुरुषांमागे १ बाई होती. इथल्या गोऱ्या बाईशी लग्न करावं तर कॅलिफोर्नियात ते बेकायदा, कोर्टानं १९४८ ला तो कायदा रद्द करेपर्यंत. नागरिकत्वही मिळणार नाही. सगळे दरवाजे बाहेरून बंद करायचे आणि वर म्हणायचं की गडी स्वभावानंच घरकोंबडा 🙄

केळशीकर
ताई, कायदे बरोबर आहेत पण माझा मुद्दा वेगळा आहे. माझे आजोबा परळला गिरणीत होते, ३६ वर्षं. एका खोलीत चौदा गडी, पाळीपाळीनं झोपायचं, जेवण खाणावळीत, आणि आजी केळशीला. तिला मुंबईत येऊ नको असं कुठल्या सरकारनं सांगितलं होतं? परवडत नव्हतं इतकंच. शिवाय सगळा जीव गावच्या घरात. चिन्यांचंही तेच, ग्वांगडाँगमधल्या कायपिंगला जाऊन बघा, परदेशातल्या पैशांवर बांधलेले चारपाच मजली मनोरे, पाश्चात्य खांब आणि कमानी वगैरे, आता युनेस्कोच्या यादीत आहेत. पैसे पाठवणारा आयुष्यभर इस्त्री फिरवत राहिला, त्या घरात तो झोपला तरी किती रात्री? हे कायद्यानं होत नाही, हे गावाचं वेड असतं. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

शैलाताई_फ्रेमाँट
केळशीकर, तुमचे आजोबा गणपतीला गावी जायचे ना? आणि परत आल्यावर गिरणीच्या गेटवर कुणी विचारायचं का, की घराला पायऱ्या किती, तांदळाचं पिंप कुठल्या खोलीत असतं, तुमच्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? एंजल आयलंडवर हेच प्रश्न विचारायचे, दिवसचे दिवस, आणि उत्तर नातेवाइकाच्या उत्तराशी जुळलं नाही तर परतीची बोट. १८८८ ला तर कमालच, परत यायचं सरकारी सर्टिफिकेट घेऊन गावी गेलेल्या वीसेक हजार लोकांची सर्टिफिकेटं एका कायद्यानं रद्द केली. काही जण तर बोटीतच होते हो. म्हणून माणूस गावी जायलाही घाबरायचा आणि इथेही कुणी आपलं म्हणायचं नाही.

तिरकस_तात्या
घराला पायऱ्या किती हे मला आत्ता विचारलंत तर मी पण डिपोर्ट. सौ. ना विचारलं, त्या म्हणाल्या तुम्ही वर कधी आलात शेवटचं.

निशाचर
तात्या 😄
माझा अनुभव थोडा बाजूचा आहे. ९८-९९ ला सॅन फ्रान्सिस्कोत भाड्यानं राहायचो, खाली एक म्हातारे चिनी काका, सगळे त्यांना मिस्टर ली म्हणायचे. एकटे नव्हते हां, बायको होती, दोन मुलं होती, शनिवारी माजाँगचे डाव, सोसायटीची जेवणं सगळं होतं. ते गेले तेव्हा दफनाला गेलो तर दगडावर इंग्रजीत ली आणि चिनीत भलतंच काहीतरी. मुलाला विचारलं तर म्हणाला ते चान, आमचं खरं आडनाव, मलाही कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहरातले जन्माचे कागद जळले, त्यानंतर बऱ्याच जणांनी आपण इथेच जन्मलो, म्हणजे नागरिक, असं लिहून घेतलं आणि गावाकडे मुलं आहेत असं खोटंच सांगून त्या मुलांच्या जागा विकल्या. त्या विकत घेऊन आलेले ते 'कागदी मुलगे'. बोटीवर चौकशीच्या उत्तरांची वही पाठ करायची आणि किनारा दिसला की समुद्रात फेकायची. १९५६ ला सरकारनं कबुलीची योजना काढली पण एकानं तोंड उघडलं की दहा नातेवाईक अडकणार, त्यामुळे काका गप्पच राहिले. शेजाऱ्याशी, मुलांच्या शिक्षकांशी, डॉक्टरशी, पन्नास वर्षं जपून बोलायचं. मला नाही वाटत सिउच्या 'मुक्कामी' माणसात हे बसतं, हे काका तर इथेच मरायचं ठरवून राहिले होते.

मुक्काम_ओकलंड
निशाचर, हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. पण ताई, तो कायदा तर गेला, १९४३ ला वर्षाला १०५ जणांचा का होईना कोटा दिला आणि १९६५ नंतर तोही भेदभाव गेला. मग आजचा चीनच्या फूच्यान प्रांतातून आलेला कूक? न्यूयॉर्कला ईस्ट ब्रॉडवेवर नोकरी लावणाऱ्या एजन्सीत जातो, फळ्यावर गावाचं नाव नसतं, फक्त टेलिफोनचा एरिया कोड. बसमध्ये बसतो, कुठल्या राज्यात कांदे चिरतोय ते धड माहीत नसतं, सहा दिवस किचन, रात्री मालकानं दिलेल्या खोलीत पाच जण. झालेलं मूल आजीकडे चीनला पाठवून देतो. त्याला कुणी अडवलंय?

शैलाताई_फ्रेमाँट
कर्जानं अडवलंय! आणि कागद नसल्यानं. १९९३ ला गोल्डन व्हेंचर जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर रुतलं, २८६ माणसं होती, बहुतेक फूच्यानचीच, दहा मेली पाण्यात. त्या प्रवासाचा दर तीस हजार डॉलरच्या घरात होता. ते फेडेपर्यंत मूल कुठे ठेवणार, कढईत? तुम्ही एच वन बी व्हिसावर आलात, इथे गणेशोत्सवात लेझीम खेळताय, त्यावरून त्याचं मोजमाप नका करू. आणि गावी राहिलेल्या बायकोचं काय हो? तिकडे चीनमध्ये तैशानला लग्नानंतर महिनाभरात नवरा गेला आणि पुढे वीस वर्षं पत्रं आणि पैसे. पत्करलं कुणी, तिनं?

केळशीकर
ताई, परतीच्या परवान्याचा मुद्दा मान्य, तिथे गिरणगाव आणि चायनाटाउन एक नाही. बाकी माझं मत आहे तिथेच आहे, कायदे नसते तरी निम्मे लोक असेच राहिले असते.
पण आजीवरून आठवलं. ती मुंबईला एकदाच आली होती, बोटीनं, आठ दिवस. तेवढे दिवस बाकीचे तेरा गडी बाहेर चाळीच्या गॅलरीत झोपले आणि नवव्या दिवशी आजोबांनी तिला परत बोटीत बसवून दिलं. ती हे नेहमी हसत सांगायची, गडी कसे चटया घेऊन बाहेर पडले वगैरे. तिला राहायचं होतं का, हे मी विचारलंच नाही. आईला विचारून सांगतो.